नवं लेयर-२ नेटवर्क: वेगाचा आकडा बघण्याआधी काय काय तपासावं

सेकंदाला एक लाख व्यवहार, पैशाच्याही अंशात फी, आणि सुरक्षा थेट इथेरियमची. लेयर-२ म्हणजे इथेरियम या ब्लॉकचेनच्या वर उभारलेलं वेगळं नेटवर्क. जवळजवळ प्रत्येक नव्या लेयर-२ नेटवर्कच्या जाहिरातीत या तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या सापडतात. तिन्ही एकाच वेळी पूर्ण खऱ्या असणं तांत्रिकदृष्ट्या फार अवघड आहे, आणि कुठली किती खरी आहे हे घरबसल्या तपासता येतं. मी अशी नेटवर्कं बरीच वापरून आणि तपासून पाहिली आहेत. नव्याने येणारे जवळजवळ सगळे पहिला प्रश्न वेगाचा विचारतात. माझं ठाम मत असं की वेग नंतर बघावा. आधी विचारायचा प्रश्न हा: नेटवर्क चालवणारी मंडळी उद्या गायब झाली, किंवा त्यांच्या मनात खोट आली, तर माझे पैसे मला परत कसे मिळतील? खालच्या पायऱ्यांचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- एक वेगळं वॉलेट. यात तुमची मुख्य बचत नको. सीड फ्रेज (वॉलेट परत मिळवून देणारे शब्द) कागदावर लिहा, फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका.
- मुख्य इथेरियमवर थोडं ईथ, म्हणजे इथेरियमचं चलन. बाहेर पडताना गॅस (व्यवहाराची फी) तिथे भरावा लागतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.
- एल२बीट ही साइट. प्रत्येक लेयर-२ चे धोके, कॉन्ट्रॅक्ट (साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम) बदलायचे अधिकार आणि आत अडकलेली रक्कम इथे एका जागी दिसते.
- ग्रोदपाय ही दुसरी साइट. वापर, फी आणि नेटवर्कचा जमाखर्च पाहण्यासाठी.
- इथरस्कॅन (इथेरियमवरचे व्यवहार दाखवणारी साइट), आणि त्या नेटवर्कची स्वतःची तशीच साइट, म्हणजे ब्लॉक एक्सप्लोरर.
- तारीख, वेळ, व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) आणि रुपयातली किंमत लिहायला एक स्प्रेडशीट.

## १. हे नेमकं कुठल्या जातीचं आहे ते ठरवा

‘लेयर-२’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. तुम्ही दोनच गोष्टी शोधा. व्यवहारांचा डेटा कुठे ठेवला जातो? आणि हिशोब बरोबर आहे हे कोण तपासतं?

डेटा इथेरियमवर टाकला जात असेल आणि हिशोबाची खात्री पुराव्याने होत असेल, तर ते रोलअप. त्यात दोन पद्धती आहेत. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम आणि बेस यांची पद्धत ऑप्टिमिस्टिक: हिशोब बरोबर आहे असं धरून चालायचं आणि कुणाला खोट दिसली तर ठरलेल्या मुदतीत आव्हान द्यायचं. झेडकेसिंक, स्टार्कनेट, लिनिआ आणि स्क्रोल यांची पद्धत झेडके: प्रत्येक गठ्ठ्यासोबत गणिती पुरावा जोडायचा. पुरावा आहे पण डेटा इथेरियमबाहेर ठेवला आहे, तर ते व्हॅलिडियम. आणि नेटवर्कचे स्वतःचे व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून मान्य करणारे) असतील व इथेरियमवर फक्त अधूनमधून नोंद जात असेल, तर ती साइडचेन.

आपल्याकडचं सगळ्यात परिचित उदाहरण पॉलिगॉनचं. २०१७ मध्ये मुंबईत मॅटिक नेटवर्क म्हणून हा प्रकल्प सुरू झाला, आणि त्याच्या टेस्टनेटचं (चाचणीच्या नेटवर्कचं) नावही कित्येक वर्षं ‘मुंबई’ होतं. त्याची मुख्य साखळी स्वतःच्या व्हॅलिडेटरवर चालते आणि इथेरियमवर चेकपॉइंट टाकते. ती उपयोगी आहे, भरपूर वापरली जाते, पण तिची सुरक्षा म्हणजे इथेरियमची सुरक्षा नव्हे. साइडचेन असण्यात काही गैर नाही. साइडचेनला रोलअप म्हणून विकलं जात असेल तर मात्र पुढे वाचायची गरज उरत नाही.

## २. किल्ल्या कोणाच्या हातात आहेत?

माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर जातो, तुमचाही जाऊ द्या.

तुमचं ईथ नव्या नेटवर्कवर ‘जातं’ तेव्हा खरं तर ते इथेरियमवरच्या एका कॉन्ट्रॅक्टमध्ये बंद होतं आणि पलीकडे त्याची नोंद तयार होते. या कॉन्ट्रॅक्टला ब्रिज म्हणतात. ब्रिजचा कोड बदलायचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्या हातात तुमचे पैसे. हा अधिकार सहसा मल्टिसिग वॉलेटकडे असतो, म्हणजे ठरावीक लोकांपैकी ठरावीक संख्येने सह्या केल्या की बदल लागू.

इथे काय काय घडू शकतं, हे घडून गेलं आहे. मार्च २०२२ मध्ये रोनिन या गेमिंग साइडचेनचा ब्रिज लुटला गेला. नऊ व्हॅलिडेटरपैकी पाच सह्या पुरेशा होत्या आणि चोरट्यांनी पाचही किल्ल्या मिळवल्या. १,७३,६०० ईथ आणि अडीच कोटींहून जास्त यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं चलन) गेले, म्हणजे त्या वेळचे साठ कोटी डॉलरहून अधिक. चोरी २३ मार्चची, ती उघडकीला आली २९ मार्चला, एका वापरकर्त्याला पैसे काढता येईनात म्हणून. त्याच वर्षी जूनमध्ये हार्मनी या साखळीचा होरायझन ब्रिज लुटला गेला, तिथे पाचपैकी दोनच सह्या लागत होत्या. जुलै २०२३ मध्ये मल्टिचेन या ब्रिज सेवेतून सव्वाशे दशलक्ष डॉलरच्या आसपास रक्कम बाहेर गेली. नंतर त्या प्रकल्पानेच जाहीर केलं की प्रमुखाला चीनमध्ये पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं आणि सर्व्हरचा ताबा त्याच्या एकट्याकडे होता. या तिन्ही ठिकाणी वेगाचा काहीही संबंध नव्हता. प्रश्न किल्ल्यांचाच होता.

तपासायचं कसं? एल२बीटवर नेटवर्कचं पान उघडा आणि ‘परमिशन्स’ विभागात जा. तिथे हे प्रश्न सोडवा:

- मल्टिसिगमध्ये एकूण किती जण आणि किती सह्या पुरतात?
- त्यातले किती जण कंपनीबाहेरचे आहेत? त्यांची नावं जाहीर आहेत का?
- बदल लागू व्हायच्या आधी किती दिवसांची मुदत आहे? ‘मुदत नाही’ असं लिहिलं असेल, तर कोड आत्ता या क्षणी बदलू शकतो असा त्याचा अर्थ.
- इथरस्कॅनवर मल्टिसिगचा पत्ता उघडून त्याने आजवर काय काय केलं आहे?

याच साइटवर प्रत्येक रोलअपला स्टेज ०, १ किंवा २ असा दर्जा दिलेला असतो. इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी २०२२ च्या अखेरीस मांडलेल्या कल्पनेवर ही पद्धत उभी आहे. स्टेज ० म्हणजे सगळं चालकांच्या हातात. स्टेज १ साठी पुरावा पद्धत खरोखर चालू असावी लागते, आणि तिला डावलायचं तर किमान आठ जणांच्या सुरक्षा मंडळातल्या ७५ टक्के सह्या लागतात. स्टेज २ मध्ये मंडळाला फक्त सिद्ध झालेल्या बिघाडातच हात घालता येतो आणि इतर बदलांना किमान ३० दिवसांची मुदत असते.

सापळा: दस्तऐवजात ‘फ्रॉड प्रूफने (चुकीचा हिशोब सिद्ध करून रोखायच्या पद्धतीने) सुरक्षित’ असं लिहिलेलं असतं, पण ते प्रूफ चालू असतंच असं नाही. ऑप्टिमिझमसारख्या मोठ्या नेटवर्कवरही हे प्रूफ (तिथलं नाव फॉल्ट प्रूफ) जून २०२४ मध्ये मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर, आलं. त्याआधी तिथे अब्जावधी डॉलर ठेवलेले होते आणि ते चालकांवरच्या विश्वासावर होते. ‘येणार आहे’ आणि ‘चालू आहे’ हे दोन वेगळे रकाने करून ठेवा.

## ३. बाहेर पडायची वाट आधी बघा

नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्लास्ट नावाच्या नेटवर्कने ठेवी घ्यायला सुरुवात केली तेव्हा पलीकडे नेटवर्कच नव्हतं. पैसे आत टाकता येत होते, काढायची सोय नव्हती आणि कॉन्ट्रॅक्ट पाचपैकी तीन सह्यांच्या मल्टिसिगखाली होतं. तरीही पुढे टोकन मिळवून देतील अशा पॉइंटच्या आशेने लोकांनी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम टाकली. मेननेट फेब्रुवारी २०२४ च्या शेवटी आलं आणि तेव्हा पैसे मोकळे झाले. त्या लोकांचे पैसे परत मिळाले, पण दरम्यानचे महिने त्यांच्या हातात कुठलाही उपाय नव्हता. असं आमंत्रण पुन्हा आलं तर तुम्ही थांबा.

चालू नेटवर्कवर दोन वाटा तपासायच्या. पहिली नेहमीची वाट, म्हणजे नेटवर्कचा स्वतःचा ब्रिज. ऑप्टिमिस्टिक रोलअपमधून मुख्य इथेरियमवर यायला साधारण सात दिवस लागतात, कारण आव्हानाची मुदत तेवढी असते. शिवाय आर्बिट्रमवर शेवटी एक, तर ओपी (म्हणजे ऑप्टिमिझमच्या) पद्धतीच्या नेटवर्कवर आधी सिद्ध करायला एक आणि मग रक्कम घ्यायला एक, असे व्यवहार मुख्य इथेरियमवर करावे लागतात. झेडके नेटवर्कवर हा काळ सहसा तासांत मोजतात. पण नवी नेटवर्कं सुरक्षेसाठी त्यावर आणखी थांबा लावतात, म्हणून त्यांच्या कागदावरचा आकडा सोडून एक्सप्लोररवरची अलीकडची खरी उदाहरणं बघा.

दुसरी वाट संकटातली. व्यवहारांचा क्रम लावणारा सिक्वेन्सर बहुतेक ठिकाणी एकच असतो आणि कंपनीच तो चालवते. त्याने तुमचा व्यवहार घ्यायचाच नाही असं ठरवलं तर? चांगल्या रोलअपमध्ये मुख्य इथेरियमवरून सक्तीने व्यवहार घुसवता येतो. आर्बिट्रमवर त्यासाठी सुमारे २४ तास, ओपी पद्धतीत १२ तास थांबावं लागतं. नव्या नेटवर्कवर ही सोय आहे का, आणि एल२बीटने ती मान्य केली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सापळा: काही मिनिटांत पैसे देणारे तिसऱ्या पक्षाचे ब्रिज सोयीचे असतात, पण त्यांचा धोका वेगळा आणि जास्तीचा. आणि कुठल्याही ब्रिजची साइट सर्च इंजिनच्या जाहिरातीतून कधीही उघडू नका, हुबेहूब बनावट साइट तिथेच भेटतात. पत्ता अधिकृत दस्तऐवजातून घ्या आणि बुकमार्क करून ठेवा.

## ४. टीपीएसचा आकडा सोलून बघा

आता वेग. टीपीएस म्हणजे सेकंदाला किती व्यवहार. पण व्यवहार कुठला, हे सांगितल्याशिवाय हा आकडा निरुपयोगी आहे. उतारावर गाडी सोडून तिचा वेग मोजावा तशी बरीच मोजमापं घेतलेली असतात: रिकामं नेटवर्क, एकाच जागेतली यंत्रं, आणि सगळे व्यवहार साध्या ट्रान्सफरचे.

इथेरियमवरच हिशोब करून बघा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत एका ब्लॉकची (व्यवहारांच्या एका गठ्ठ्याची) गॅस मर्यादा ३ कोटी होती, इथे गॅस म्हणजे कामाचं माप, आणि दर १२ सेकंदांना एक ब्लॉक. साध्या ट्रान्सफरला २१,००० गॅस लागतो. भागाकार केला की ब्लॉकमागे सुमारे १,४२८ आणि सेकंदाला ११९ ट्रान्सफर. आता खरी गोष्ट: ब्लॉक सतत भरलेले राहिले तर फी चढत जाते आणि सरासरी मर्यादेच्या निम्म्यावर येते, म्हणजे ११९ चे झाले ५९. आणि लोक नुसतं ट्रान्सफर करत नाहीत. टोकनच्या अदलाबदलीला दीड लाख गॅस धरला तर सेकंदाला आठ व्यवहार. एकच यंत्र, एकच कोड, आणि आकडा ११९ पासून ८ पर्यंत कुठलाही सांगता येतो. जाहिरातीत कुठला छापला जाईल हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तुलना करायची ती सेकंदाला किती गॅस वापरला गेला यावर. एक्सप्लोररवर एखाद्या गजबजलेल्या तासातले सलग काही ब्लॉक उघडा, वापरलेला गॅस बेरजेत घ्या आणि सेकंदांनी भागा. ही झाली प्रत्यक्षात वाहिलेली मात्रा. क्षमता त्याहून जास्त असू शकते, पण ती गर्दीत टिकते हे सिद्ध झालेलं नसतं. काही साखळ्यांवर व्हॅलिडेटरची मतंही व्यवहार म्हणून मोजली जातात. सोलानाचा आकडा वाचताना मतं वगळलेला आकडा शोधावा लागतो तो यामुळेच.

पुढची कसोटी डेटाची. ही मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण तिला कुणाची परवानगी लागत नाही, कागद-पेन पुरतं. इथेरियममधल्या मार्च २०२४ च्या डेन्कन बदलापासून रोलअप आपला डेटा ‘ब्लॉब’मध्ये, म्हणजे त्यासाठीच राखलेल्या जागेत, टाकतात. एक ब्लॉब १२८ केबीचा. मे २०२५ च्या पेक्ट्रा बदलानंतर ब्लॉकमागे सरासरी सहा ब्लॉबचं लक्ष्य ठरलं, म्हणजे सेकंदाला साधारण ६४ केबी, आणि तेही सगळ्या रोलअपनी मिळून वाटून घ्यायचे. आता एक लाख टीपीएस घ्या. व्यवहार अगदी दाबून २० बाइटचा केला तरी सेकंदाला सुमारे २,००० केबी लागतील, तीसपट जागा. डिसेंबर २०२५ च्या फुसाका बदलाने ही जागा टप्प्याटप्प्याने वाढवायची वाट मोकळी केली, तरीही मोठा फरक उरतोच.

याचा अर्थ असा की एक लाखाचा दावा करणाऱ्याला डेटा दुसरीकडे ठेवणं भाग आहे. मेगाईथ या नेटवर्कने १० मिलिसेकंदांचे ब्लॉक आणि एक लाख टीपीएस हे ध्येय जाहीर केलं, तेव्हा डेटासाठी आयगनडीए ही बाहेरची सेवा निवडल्याचंही सांगितलं आणि सिक्वेन्सर शंभर कोर व टेराबाइटमध्ये मोजावी अशी मेमरी असलेलं यंत्र असेल असंही लिहिलं. हे प्रामाणिक मांडणं झालं: वेग मिळतो, बदल्यात डेटासाठी वेगळ्या मंडळींवर आणि क्रमासाठी एका मोठ्या यंत्रावर भिस्त ठेवावी लागते. तो सौदा तुम्हाला पटतो का, हे तुम्ही ठरवायचं. मी गेमसाठी किंवा छोट्या रकमेच्या व्यापारासाठी तो घेईन, कुटुंबाच्या बचतीसाठी नाही. जिथे वेग मोठा सांगितलाय आणि डेटाचा उल्लेखच नाही, तिथे जास्त सावध व्हा.

## ५. ‘झालं’ म्हणजे नक्की कधी झालं

वॉलेटवर हिरवी खूण आली की सिक्वेन्सरने शब्द दिला, इतकंच. बेसने २०२५ मध्ये २०० मिलिसेकंदांत अशी प्राथमिक खात्री देणं सुरू केलं, तीही शब्दच आहे. त्यानंतर डेटा इथेरियमवर जातो. मग इथेरियमची अंतिम पक्की खात्री, साधारण तेरा मिनिटांनी. मग पुरावा किंवा सात दिवसांची मुदत. चहाचे पैसे द्यायला पहिली पायरी पुरते. कुणाकडून घर किंवा गाडीइतकी रक्कम घेत असाल तर इथेरियमची खात्री होईपर्यंत पावती देऊ नका.

## ६. बंद पडण्याचा इतिहास वाचा

१५ डिसेंबर २०२३ ला आर्बिट्रमचा सिक्वेन्सर इन्स्क्रिप्शनच्या (व्यवहारात मजकूर कोरण्याच्या) लाटेखाली तासाभराहून जास्त अडकला. बेस सप्टेंबर २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये थांबलं. सुरुवातीच्या काळात नेटवर्क बंद पडतातच, त्यावरून मी कुणाला बाद करत नाही. बघायचं ते हे की नंतर कारणांचा सविस्तर अहवाल दिला का, आणि तोच बिघाड परत आला का.

एक घटना मात्र नीट समजून घ्या. जून २०२४ मध्ये लिनिआवरच्या व्हेलोकोर या एक्स्चेंजवर हल्ला झाला, तेव्हा लिनिआच्या टीमने स्वतःहून ब्लॉक तयार करणं थांबवलं, जेणेकरून चोराला पुढे सरकता येऊ नये. बऱ्याच जणांचं त्यातून भलंच झालं. पण त्याच बटणाने तुमचाही व्यवहार थांबतो. तुम्ही कर्ज घेतलेलं असेल, तारण विकलं जायच्या बेतात असेल आणि नेटवर्क तासभर उभं राहिलं, तर ते सुरू होताच पहिला फटका तुम्हाला बसू शकतो. नव्या नेटवर्कवर कर्ज घेऊन व्यापार करू नका, असं मी म्हणतो ते याचसाठी.

## ७. छोट्या रकमेने स्वतः मोजा

गेली तरी झोप उडणार नाही इतकीच रक्कम घ्या आणि पूर्ण फेरी मारा:

1. अधिकृत ब्रिजने पैसे आत न्या. किती वेळ आणि किती गॅस, लिहा.
2. एक ट्रान्सफर आणि एक अदलाबदल करा. फीचे दोन भाग एक्सप्लोररवर वेगळे दिसतात, चालवण्याची फी आणि इथेरियमवरच्या डेटाची फी. दोन्ही नोंदवा.
3. हेच एखाद्या गर्दीच्या वेळी परत करा. एखादं नवं टोकन बाजारात येत असेल तर ती वेळ उत्तम.
4. अधिकृत ब्रिजनेच पैसे परत काढा, शेवटच्या पायरीपर्यंत. अर्ध्यात सोडू नका, कारण अडचणी बहुतेक इथेच कळतात.
5. दिलेले टोकन अप्रूव्हल, म्हणजे अ‍ॅपला तुमची टोकन हलवायची दिलेली परवानगी, रद्द करा.

फी फारच कमी दिसली तर ग्रोदपायवर नेटवर्कची कमाई आणि इथेरियमला दिलेला खर्च शेजारी ठेवून बघा. खर्च जास्त असेल तर तुमची फी कुणीतरी खिशातून भरतंय आणि ते कायम चालणार नाही.

## ८. आतल्या रकमेचा आकडा आणि पॉइंट

‘इतके अब्ज डॉलर आत’ हा आकडा तीन भागांत फोडा: अधिकृत ब्रिजने आलेली रक्कम, बाहेरच्या ब्रिजने आलेली, आणि तिथेच छापलेली टोकन. एल२बीट हे वेगळं दाखवतं. पहिल्या भागाला वजन द्या. पॉइंट मिळतायत म्हणून आलेला पैसा टोकन वाटून झालं की निघून जातो, म्हणून वाटपाच्या दोन महिन्यांनंतरचा वापर बघा. टोकनमधला किती हिस्सा गुंतवणूकदार आणि टीमकडे आहे आणि तो कधी मोकळा होतो, ही तारीख कॅलेंडरवर टाका.

## ९. नोंदी ठेवा, कर आणि बंद होणं दोन्हीसाठी

भारतात एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेपुढे विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस आहे. एका टोकनच्या बदल्यात दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच, आणि लेयर-२ वर ते दिवसात कितीदा होतं हे तुम्हाला वर्षअखेरीस कळेल. परदेशात राहणाऱ्यांनी तिथले नियम आपल्या सीएकडून समजून घ्यावेत.

आणि नेटवर्कं बंदही होतात. अ‍ॅझटेक कनेक्ट या लेयर-२ ने मार्च २०२३ मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं सांगितलं आणि पैसे काढायला वर्षभराची मुदत दिली. पॉलिगॉननेही आपलं झेडकेईव्हीएम नेटवर्क आवरतं घ्यायचं २०२५ मध्ये जाहीर केलं. नेटवर्क गेलं की त्याचा एक्सप्लोररही जातो आणि तुमच्या व्यवहारांची यादी त्यासोबत. दर तिमाहीला एक्सप्लोररवरून व्यवहारांची सीएसव्ही फाइल उतरवून घ्या, त्यात रुपयातली त्या दिवसाची किंमत भरा, आणि प्रकल्पाच्या अधिकृत घोषणा ईमेलवर येतील अशी सोय करून ठेवा.